पांढऱ्या चॉकलेट कंपाउंडला रंग देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राखीपौर्णिमा आठवड्यावर आली की रात्री दहानंतर माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. एक वाडगं, त्यात ओल्या रव्यासारखा भुसभुशीत गुलाबी गोळा, आणि खाली एकच वाक्य: "ताई, हे असं का झालं?" मी ठाण्यात घरी चॉकलेटं करते, शिकायला येणाऱ्यांना शिकवतेही. तो फोटो पाहिला की अजूनही माझ्या पोटात कालवतं, कारण त्या वाडग्यात कुणाची तरी सकाळी द्यायची ऑर्डर असते. रंगाबद्दल मला जे जे विचारलं जातं, त्याची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

पांढरं कंपाउंड म्हणजे नक्की काय? ते व्हाइट चॉकलेट नव्हे का?

नव्हे. व्हाइट चॉकलेटमधला स्निग्धांश म्हणजे कोको बटर. कंपाउंडमध्ये त्याच्या जागी घट्ट केलेलं वनस्पती तेल असतं, बहुतेक वेळा पामच्या बियांचं. बाकी साखर, दूध पावडर, लेसिथिन आणि व्हॅनिलाचा वास हे दोन्हीकडे सारखंच. कोको बटर लहरी आहे. ते ठरावीक तापमानाला उतरवून, पुन्हा किंचित चढवून 'टेंपर' करावं लागतं, नाहीतर चॉकलेटला चमक येत नाही आणि ते बोटाला चिकटतं. कंपाउंडला हा सोपस्कार नाही. वितळवा, साच्यात ओता, गार करा, काढा. म्हणूनच घरगुती चॉकलेटं करणाऱ्या बहुतेक जणी मोर्डेसारख्या कंपनीची चारशे-पाचशे ग्रॅमची स्लॅब घेऊन सुरुवात करतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला आणि पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत स्लॅब, साचे, रंग, चांदी-कागद सगळं एका फेरीत मिळतं.

रंगाच्या दृष्टीने दोन्हींची एक गोष्ट सारखी आहे आणि तीच लक्षात ठेवायची: त्यांच्यात पाणी जवळजवळ नसतंच.

दोन थेंब रंग टाकला आणि सगळं गोळा झालं. दोनच थेंबांनी?

हो, दोनच थेंबांनी. पिठीसाखरेच्या डब्यात ओला चमचा गेला तर काय होतं ते आठवा. चमच्याभोवती गाठी धरतात. वितळलेल्या कंपाउंडमध्ये तेच होतं, फक्त अख्ख्या वाडग्यात. कंपाउंडमधली साखर इतकी बारीक दळलेली असते की जिभेला कण लागत नाही. तिचा प्रत्येक कण तेलात न्हालेला असतो, म्हणून ते एकमेकांवरून घसरतात आणि आपल्याला धार दिसते. पाण्याचा थेंब आला की साखर तेल सोडून पाणी पकडते, कण चिकट होतात आणि एकमेकांना धरून बसतात. आधी चमचा जड होतो. मग वरची चमक जाते. मग कडेला तेल सुटल्यासारखं दिसतं आणि मधे कणकेचा गोळा उरतो.

माझ्या पहिल्या राखीच्या ऑर्डरला हेच झालं होतं. घरात बर्फीला वापरायची लाल रंगाची बाटली होती. अर्धा किलो कंपाउंडमध्ये तिचे तीन थेंब घातले. घट्ट होतंय असं वाटल्यावर सैल करायला दोन चमचे दूध घातलं, आणि मग ते पूर्णच हातचं गेलं. रंग 'खायचा' आहे एवढंच मी पाहिलं होतं. तो पाण्यात कालवलेला आहे की तेलात, हे बघायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि पाणी फक्त रंगातूनच येतं असं नाही. डबल बॉयलरची, म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या वाडग्याखालची वाफ, धुऊन नुसतं झटकलेला साचा, कपड्याने पुसलेलं पण कडेला ओल राहिलेलं वाडगं, लाकडी चमचा. लाकूड पाणी पिऊन ठेवतं, वरून कितीही कोरडं दिसो. माझ्याकडे चॉकलेटसाठी सिलिकॉनचे स्पॅट्युला वेगळे ठेवलेले आहेत, ते आमटीला जात नाहीत.

माझ्याकडची बाटली तेलाच्या रंगाची आहे की पाण्याच्या, कसं ओळखू?

आधी घटक वाचा. वनस्पती तेल, सूर्यफूल तेल, कोको बटर यांपैकी काही पहिल्या नावांत असेल तर तेलाचा. पाणी, ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, साखरेचा पाक यांपैकी काही असेल तर पाण्याच्या घराण्यातला.

लेबल पुसलं असेल किंवा खात्री नसेल तर वाटीत एक चमचा कोमट खोबरेल घ्या आणि त्यात रंगाचा एक थेंब सोडा. काडीने ढवळा. पाण्याचा रंग मण्यासारखा तळाशी बसतो, ढवळला की त्याचे छोटे मणी होतात, पण तेल रंगत नाही. तेलाचा रंग धाग्यासारखा पसरतो आणि दोन-चार फेऱ्यांत सगळं तेल एकसारखं रंगतं. या परीक्षेला अर्धं मिनिट लागतं. नवीन बाटली कुठल्याही कंपनीची असो, मी ही परीक्षा चुकवत नाही.

बाजारात 'कँडी कलर', 'चॉकलेट कलर' किंवा 'ऑइल कलर' या नावांनी मागा. 'लिक्विड कलर' मागितलात तर दुकानदार पाण्याचाच काढून देईल.

केकच्या क्रीमला वापरते तो जेल कलर चालेल का?

सरळ टाकला तर नाही. जेलमध्ये ग्लिसरीन किंवा पाक असतो आणि थोडं पाणीही. फिक्या छटेसाठी काडीच्या टोकाएवढा टाकल्यावर काहींचं निभावून जातं, पण कंपाउंड किंचित जाड होतंच आणि रंगाचे बारीक ठिपके राहतात.

अगदीच इलाज नसेल तर एक युक्ती आहे. वितळवलेल्या कोको बटरमध्ये किंवा खोबरेलात जेल घालून हँड ब्लेंडरने चांगलं फिरवायचं आणि ते मिश्रण थोडं थोडं कंपाउंडमध्ये घ्यायचं. ब्लेंडर रंगाचे इतके बारीक कण करतो की ते तेलात तरंगत राहतात. हलक्या गुलाबीला आणि पिवळ्याला हे जमतं. गडद लालला मात्र या वाटेने जाऊ नका. तेवढा जेल लागतो की पाणी आपलं काम करतंच.

आणि डबीतला पावडर रंग? तो तर कोरडा असतो.

कोरडा असतो म्हणून कंपाउंड बिघडत नाही, हे खरं. पण जिलबीच्या, पुलावाच्या साध्या पावडरचे कण पाण्यात विरघळणारे असतात, तेलात नाहीत. त्यामुळे कंपाउंड पांढरंच राहतं आणि त्यात वाळू शिंपडल्यासारखे ठिपके येतात. असं चॉकलेट तोंडात घातलं की तो ठिपका लाळेत विरघळतो आणि जीभ भडक होते.

'लेक' प्रकारचे पावडर रंग मात्र चालतात. यात रंग अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगावर बसवलेला असतो, त्यामुळे तो तेलात विरघळत नसला तरी छान मिसळून राहतो. पावडर थेट वाडग्यात टाकू नका. चमचाभर कोमट कोको बटरमध्ये किंवा खोबरेलात ती बोथट चमच्याच्या पाठीने घोटून घ्या, गंध उगाळतो तशी, एकही कण राहणार नाही इतकी. मग ती पेस्ट गाळणीतून कंपाउंडमध्ये सोडा.

वितळवायचं कसं? मायक्रोवेव्ह की गॅस?

मी मायक्रोवेव्हच सांगेन, कारण तिथे वाफ नाही. स्लॅब बारीक चिरा, काचेच्या पूर्ण कोरड्या वाडग्यात घ्या, अर्ध्या पॉवरवर ३० सेकंद फिरवा, बाहेर काढून ढवळा, पुन्हा ३० सेकंद. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबा. उरलेलं वाडग्याच्या उष्णतेवर वितळतं. तुकडे आकार सोडत नाहीत म्हणून नुसते बघत बसलात तर आतून करपतात, त्यामुळे ढवळल्याशिवाय अंदाज बांधू नका.

गॅसवर करायचं असेल तर खालच्या पातेल्यात दोन बोटं पाणी, ते वरच्या वाडग्याला टेकता कामा नये. पाणी नुसतं वाफाळू लागलं की गॅस बंद, मग वाडगं ठेवा. वाडगं पातेल्यापेक्षा रुंद हवं, म्हणजे वाफ कडेने वर येऊन आत उतरत नाही. उतरवल्यावर वाडग्याचा तळ आधी पुसा. साच्यात ओताना तळाचा थेंब ओघळून आत पडतो आणि मग "रंग तर तेलाचाच होता" म्हणून आपण बुचकळ्यात पडतो.

कंपाउंड ४० ते ४५ अंश सेल्सिअसला कामाला योग्य असतं. ५० च्या पुढे पांढरं कंपाउंड बिघडायला लागतं, कारण त्यात दूध पावडर जास्त. जाड होतं, रवाळ होतं, करपट वास येतो. ते पाण्याने बिघडल्यासारखंच दिसतं, पण त्याला उपाय नाही. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ, कोरड्या बोटाने थेंबभर घेऊन ओठाखाली लावा. कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर थांबा.

रंग कधी टाकायचा आणि किती?

पूर्ण वितळल्यावर, ओतण्याआधी. बाटली आधी जोरात हलवा. तेलाच्या रंगात रंगद्रव्य खाली बसतं. न हलवता वापरली तर पहिल्या महिन्यात फिका रंग येतो आणि शेवटी तळाचा चिखल उरतो. थंडीत बाटली घट्ट झाली असेल तर कोमट पाण्यात पाच मिनिटं उभी करा आणि उघडण्याआधी झाकणाची खाच नीट पुसा.

२५० ग्रॅम कंपाउंडला फिक्या छटेसाठी ३-४ थेंब, मध्यम रंगाला ८-१० थेंब, हा माझा सुरुवातीचा अंदाज. कंपनीगणिक तो बदलतो. थेंब पडल्यावर लगेच दिसणाऱ्या रंगावर जाऊ नका. तो आधी वर डोळ्यासारखा गोल बसतो, स्पॅट्युला फिरला की त्याच्या रेघा होतात, रेघांची जाळी होते आणि साधारण तीस-चाळीस फेऱ्यांनंतर वाडग्याच्या कडेलाही तीच छटा दिसते. कडेचा आणि तळाचा पांढरा भाग खरवडून आत घ्या. स्पॅट्युला उचलल्यावर रिबिनीसारखी धार पडली आणि ती वर क्षणभर दिसून मिसळली, की मिश्रण बरोबर आहे.

मग एक थेंब बटर पेपरवर टाकून फ्रीझरमध्ये दोन मिनिटं ठेवा. ओलं असताना दिसणारा रंग आणि गोठल्यावर दिसणारा रंग यांत फरक असतो. ऑर्डर असेल तर हा नमुना घेतल्याशिवाय सगळं ओतू नका. शिवाय तेलाचे रंग मुरतात. विशेषतः लाल आणि निळा रात्रभरात एक छटा गडद होतात, म्हणून इच्छित रंगाच्या किंचित अलीकडे थांबावं.

निळा टाकला तर हिरवट दिसतोय, गुलाबी टाकला तर केशरट. रंग खोटा आहे का?

रंग चांगला आहे, कंपाउंड पिवळं आहे. आपण त्याला पांढरं म्हणतो, पण स्लॅब शुभ्र कागदावर ठेवून बघा: साईसारखा पिवळसर रंग असतो. निळ्यात पिवळं मिसळलं की हिरवट, गुलाबीत मिसळलं की पीच, जांभळ्यात मिसळलं की मळकट राखाडी. चित्रकलेच्या तासाला शिकलेलं सगळं इथे कामाला येतं.

उपाय दोन. एक, आधी कंपाउंड पांढरं करून घ्यायचं: तेलाचा पांढरा रंग घालून. दुसरा आणि मला आवडणारा उपाय म्हणजे जांभळ्याचा अगदी टाचणीच्या डोक्याएवढा अंश. पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायची पद्धत हीच आहे. पिवळेपणा मारला जातो आणि वरून निळा घातला की तो आकाशी दिसतो. जास्त पडला तर मात्र सगळं राखाडी होतं, म्हणून काडीने घ्या, बाटलीतून ओतू नका.

उलट, काही रंगांना हा पिवळा पाया उपकारक आहे. आमरसाचा पिवळा, केशरी, पिस्ता, या छटा कंपाउंडवर फार सुंदर येतात. पिस्त्यासाठी पिवळा जास्त, हिरवा कमी, आणि शेवटी वाटाण्याएवढा डार्क कंपाउंडचा तुकडा. त्या तुकड्याने हिरव्यातला प्लॅस्टिकपणा जातो आणि सोललेल्या पिस्त्यासारखा मऊ हिरवा उतरतो. केशरी मोदकाला पिवळ्याचे चार थेंब तर लालचा एक.

लाल लालच होत नाही, गुलाबीवर अडकतो. आणि काळा?

पांढऱ्यातून लाल काढणं म्हणजे चुन्यात कुंकू कालवणं. कितीही घातलं तरी गडद गुलाबीच. त्यासाठी बाटलीच्या बाटली ओतली की चव कडवट होते आणि खाणाऱ्याचे दात रंगतात. मी गिऱ्हाइकाला सांगते की राखीवरची रेघ लाल करू, अख्खं चॉकलेट लाल नको. लालचुटुक हवंच असेल तर आधी थोडा केशरी घालून मग लाल घाला आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा वितळवून वापरा.

काळ्यासाठी पांढऱ्यापासून सुरुवातच करू नका. डार्क कंपाउंड घ्या, त्यात थोडा काळा किंवा गडद निळा घाला. पाव बाटलीत काम होतं.

कृत्रिम रंग नको आहेत. केशर, हळद, बीट वापरता येईल का?

येतं, पण इथेही तोच प्रश्न विचारायचा: याचा रंग तेलात उतरतो की पाण्यात?

केशराने फार जणींची निराशा होते. महागाच्या काड्या कंपाउंडमध्ये टाकल्या, ढवळलं आणि रंग काही सुटला नाही. सुटणारच नाही, कारण केशराचा पिवळा रंग पाण्यात विरघळणारा आहे. म्हणून तर आपण ते कोमट दुधात खलतो. इथे दूध चालत नाही. केशर मंद तव्यावर किंचित कुरकुरीत करून चमचाभर साखरेबरोबर खलात अगदी बारीक करा आणि ती पूड घाला. रंग फिकाच येईल, ठिपके दिसतील, पण वास आणि चव येईल. रंगासाठी सोबत तेलाचा पिवळा किंवा हळदीचं तेल.

हळद तेलाची मैत्रीण. एक मोठा चमचा खोबरेल कोमट करून त्यात पाव चमचा हळद घालून तासभर ठेवा, वरचं निवळ पिवळं तेल गाळून घ्या. तेच तुमचं घरचं रंगाचं तेल. जपून घातलं तर चव जाणवत नाही. हळदीचा रंग उजेडात उडतो, त्यामुळे ही चॉकलेटं बंद डब्यात ठेवा. शेंदरीच्या बियांचा रंगही तेलात उतरतो आणि सुरेख नारिंगी देतो, पण शहरात त्या बिया सहज मिळत नाहीत.

बीट, कोकम, जांभूळ, गोकर्णीची फुलं, या सगळ्यांचे रंग पाण्याच्या बाजूचे. रस तर चालतच नाही. पूर्ण सुकवून वस्त्रगाळ केलेली पूड चालते, पण ती विरघळत नाही, नुसती पसरते. बिटाच्या पुडीने मातकट गुलाबी, ठिपकेदार रंग येतो, आणि गरम कंपाउंडमध्ये तो तपकिरीकडे झुकतो, म्हणून मिश्रण जरा निवल्यावर घालावी. मला सगळ्यात आवडते ती फ्रीझ-ड्राय केलेल्या स्ट्रॉबेरीची पूड. रंग फिका, पण आंबटपणाने कंपाउंडचा अतिगोडवा तोडला जातो. हिरव्यासाठी माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाची पूड, किंवा पिस्त्याची कोरडी पूड.

घरी वाळवलेली पूड असेल तर ती खरोखर कोरडी आहे का ते बघा. चिमटीत धरून सोडल्यावर धुळीसारखी सुटायला हवी. गोळी झाली तर अजून ओल आहे.

रंग घातल्यावर जाड झालं. पातळ करायला दूध, लोणी, तूप यातलं काय घालू?

दूध नाही. लोणीही नाही, कारण लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं. तूप चालतं. साजूक तुपात पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे ते गोळा करत नाही. पण वास राहतो आणि चॉकलेट मऊ पडतं, म्हणून लाडवाच्या किंवा पेढ्याच्या सारणावर पातळ थर द्यायचा असेल तेव्हाच मी ते वापरते.

नेहमीच्या कामाला कोको बटर उत्तम, खोबरेल परवडणारं. २५० ग्रॅमला एक छोटा चमचा, फार तर दोन. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं. हिवाळ्यात बाटलीत गोठतं आणि फेब्रुवारी संपता संपता पुन्हा पातळ होतं, हे आपण सगळे बघतो. तेच तेल चॉकलेटच्या आतही तसंच वागतं. एप्रिल-मेमध्ये हात सैल सोडलात तर चॉकलेट बोटांवर उतरेल. आणि वास नको असेल तर रिफाइंड घ्या.

इसेन्स घातला तर चालेल?

बाजारातले बहुतेक इसेन्स पाण्यात, अल्कोहोलमध्ये किंवा ग्लायकॉलमध्ये असतात, म्हणजे त्यांचीही तीच गत. तेलातले फ्लेवर वेगळे मिळतात, ते घ्या. गुलाबाचं सरबत कधीही नाही. त्यापेक्षा वेलची पूड, जायफळ, सुकवलेल्या गुलाबपाकळ्यांचा चुरा.

गोळा झालेलं कंपाउंड टाकून द्यायचं का?

अजिबात नाही, पण साच्यात घालायचा नाद सोडा. नुकतंच जाड व्हायला लागलं असेल तर चमचाभर कोमट खोबरेल घालून ढवळा, कधीकधी पुन्हा सैल होतं. त्याची चकाकी आणि कडकपणा मात्र पूर्वीसारखा नसतो.

पूर्ण गोळा झाला असेल तर उलट्या वाटेने जा: आणखी द्रव घाला. थोड्या पाण्याने साखर चिकटते, पुरेशा पाण्यात ती विरघळते. गरम मलई चमचा-चमचा घालत फेटा. आधी आणखी वाईट दिसेल, घाबरू नका, मग एका क्षणी गुळगुळीत होईल. ते झालं गनाश, म्हणजे चॉकलेट-मलईचं मऊ मिश्रण. त्यात खोबऱ्याचा कीस किंवा बिस्किटाचा चुरा घालून गोळे करा, किंवा चॉकलेटच्या आतलं सारण म्हणून भरा. मलई गेली म्हणजे ते फ्रीजमध्ये ठेवायचं आणि तीन-चार दिवसांत संपवायचं.

मोदकाच्या साच्यात दोन रंग, तिरंग्याचे थर, हे स्वच्छ कसं येतं?

नक्षीला रंग द्यायचा असेल तर तो आधी. साचा कोरडा, कापसाने पुसून चकचकीत केलेला. वेगळ्या वाटीतला रंगीत कंपाउंड बारीक ब्रशने खाचेत भरा, बाहेर आलेला काडीने पुसा, गोठू द्या, मग मुख्य रंग ओता. मुख्य रंग फार गरम असेल तर तो नक्षी वितळवून पसरवतो. बोटाला जेमतेम कोमट लागेल इतका निववा.

थरांचा नेम वेगळा. पंधरा ऑगस्टच्या चॉकलेटांचे थर सुटे होतात अशी तक्रार दरवर्षी येते. पहिला थर फ्रीजमध्ये ठेवून दगड झाला की आकसतो, दुसरा त्याला धरत नाही. पहिला थर वरून सुकल्यासारखा दिसावा पण बोटाने दाबल्यास किंचित दबावा, त्या वेळी दुसरा ओता. फ्रीजपेक्षा ओट्यावर लक्ष ठेवून केलेले थर जास्त टिकतात. मधला थर मी रंग न घालता ठेवते. केशरी आणि हिरव्याच्या मधे तो पुरेसा पांढरा दिसतो.

चमक हवी असेल तर पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा साचा घ्या. सिलिकॉनमधून चॉकलेट सहज निघतं, पण त्यावर ती आरशासारखी झाक येत नाही. साच्याच्या आतला भाग जसा गुळगुळीत, तशीच चॉकलेटची पाठ.

पावसाळ्यात चॉकलेटांना पाणी सुटतं आणि रंगाचे ओघळ येतात. काय करू?

राखी आणि गणपती, रंगीत चॉकलेटांना सर्वांत जास्त मागणी असणारे दोन्ही सण भर दमट हवेत येतात. मुंबई, ठाणे, कोकण इथे फ्रीजमधून काढलेल्या थंड चॉकलेटवर हवेतली वाफ लगेच थेंब धरते. ते पाणी वरची साखर विरघळवतं आणि सुकल्यावर खरखरीत पांढरे डाग राहतात.

साचा फ्रीझरमध्ये नको, फ्रीजमध्ये दहा मिनिटं, आणि सुटला की लगेच बाहेर. काढल्यावर पंखा नाही, एसी असेल तर त्याच खोलीत ठेवा. एसी नसेल तर चॉकलेटं साच्यासकट हवाबंद डब्यात घालून तो डबाच बाहेर ठेवा आणि तासाभराने उघडा. थेंब डब्यावर धरतात, चॉकलेटवर नाही. हात घामेजत असतील तर पातळ सुती मोजे घाला. रॅपर लावण्याआधी चॉकलेट खोलीच्या तापमानाला आलेलं असलंच पाहिजे.

हे रंग मुलांना देणं सुरक्षित आहे का?

भारतात खाद्यपदार्थांसाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे: लालमध्ये पाँसो ४आर, कार्मोइसीन, एरिथ्रोसिन, पिवळ्यात टार्ट्राझिन आणि सनसेट यलो, निळ्यात इंडिगो कार्मिन आणि ब्रिलियंट ब्ल्यू, हिरव्यात फास्ट ग्रीन. कोणत्या पदार्थात कोणता आणि किती, हे पदार्थागणिक ठरलेलं आहे. विकत असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घ्या, नियम बघून घ्या आणि वेष्टनावर रंगाचा उल्लेख करा.

जगभर या विषयावर एकमत नाही, हेही सांगायला हवं. टार्ट्राझिन आणि कार्मोइसीनसह सहा रंगांपैकी एखादा पदार्थात असेल, तर मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर परिणाम होऊ शकतो अशी सूचना छापणं युरोपात २०१० पासून बंधनकारक आहे. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये एरिथ्रोसिनची परवानगी काढून घेतली. काही जणांना टार्ट्राझिनने अंगावर पित्त उठतं. म्हणून माझं ठाम मत आहे की मुलांच्या चॉकलेटला फिकाच रंग द्यावा. अबोली, आकाशी, पिस्ता. सुंदर दिसायला तेवढा पुरतो.

सुटा, बिनालेबलचा रंग कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. कापसासारख्या गुलाबी मिठाईत रोडामाइन-बी हा कपड्यांचा रंग सापडला म्हणून तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मिठाईच बंद केली होती. मेटॅनिल यलो हाही तसाच, दिसायला झकास पिवळा आणि खाण्यात पूर्ण निषिद्ध.

रंग शाकाहारी असतो ना?

बहुतेक असतात, सगळे नाहीत. कार्माइन, म्हणजे ई १२०, हा लाल रंग कोचिनियल नावाच्या किड्यापासून काढतात. परदेशातून आणलेल्या गुलाबी-लाल रंगांत तो असू शकतो. आणि चॉकलेटवर झिलई द्यायचं शेलॅक, ई ९०४, लाखेच्या किड्याचं. नैवेद्याचे मोदक करणार असाल तर घटक वाचा, हिरवा ठिपका बघा आणि कुणी विचारलं तर खरं ते सांगा.

सोनेरी चमक कशी देऊ?

गोठलेल्या चॉकलेटवर कोरड्या ब्रशने लस्टर डस्ट, म्हणजे चमकदार पूड लावा. डबीवर 'खाण्यायोग्य' असं स्पष्ट लिहिलेलं आणि घटक दिलेले हवेत. नुसतं 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेली चमक सजावटीची असते, पोटात जाण्यासाठी नसते.

मी अमेरिकेत असते. इथे कंपाउंड स्लॅब मिळत नाही.

तिथे 'कँडी मेल्ट्स' किंवा 'आमंड बार्क' मागा, वस्तू तीच. कँडी मेल्ट्सच्या चकत्या रंगवलेल्याच मिळतात, त्यामुळे दोन रंगांच्या चकत्या एकत्र वितळवूनही छटा काढता येते. मात्र 'व्हाइट चिप्स' घेऊ नका. त्या कुकीत आकार टिकावा म्हणून बनवलेल्या असतात, वितळवल्यावर जाडच राहतात.

उरलेल्या रंगीत कंपाउंडचं काय करायचं?

बटर पेपरवर पातळ ओता, गोठला की तोडून डब्यात भरा आणि डब्यावर रंग व तारीख लिहा. फ्रीजची गरज नाही, कोरडी अंधारी फडताळ पुरते. पुन्हा वितळवताना ताज्या कंपाउंडमध्ये अर्धा-अर्धा मिसळलात तर धार चांगली राहते. वेगवेगळ्या रंगांचे तुकडे एकत्र वितळवले तर मातकट रंग येतो. ते सगळे मी डार्क कंपाउंडमध्ये जिरवते आणि त्यात भाजलेले शेंगदाणे घालून बटर पेपरवर चमच्याचमच्याने ढीग सोडते. आमच्या इमारतीतली मुलं शनिवारी त्यासाठीच दार वाजवतात.